गाडी गरम होऊन राहिली

एकतीस वर्षं आया म्हणून काम करून पंचफुला रामदासपेठेतल्या दवाखान्यातून निवृत्त झाली आणि चौथ्याच दिवशी तिनं इंदोऱ्यातली भाड्याची खोली सोडली. एक पेटी, एक गादी, दोन पातेली आणि बाबासाहेबांची तसबीर एवढा संसार ऑटोत घातला आणि कन्हानच्या पुढं आठ किलोमीटरवर असलेल्या निंबखेडीला, वहिनी तुळसाबाईकडं, ती कायमची राहायला गेली. शेजारणींनी विचारलं, "सारी जिंदगी शहरात काढली, आता खेड्यात काय करशील वं?"

"वयनी एकटी हाय," पंचफुला म्हणाली. "अन् वावर माह्या बी नावाचं हाय."

हे दुसरं वाक्य ती फार सहज बोलून गेली. पण त्यामागं एक मोठी गोष्ट होती. पंचफुलाचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तेराव्या दिवशीच तिची पेटी दारात आणून ठेवली. तिला घ्यायला गेला तो तिचा मोठा भाऊ गोविंदा. पाच वर्षं ती भावाच्या घरी राहिली, पुढं नागपुरात काम मिळालं. काही वर्षांनी वडील वारले आणि साडेतीन एकर वावराच्या फेरफाराची वेळ आली, तेव्हा गावातल्या चार शहाण्यांनी गोविंदाला सांगितलं, बहिणीकडून हक्कसोड लिहून घे, सगळेच घेतात. गोविंदा म्हणाला, "बापानं आमाले एका ताटात जेवू घातलं. सातबाऱ्यावर बी दोघं राहू." विषय तिथंच संपला. दरवर्षी सुगी झाली, की इंदोऱ्याच्या त्या अरुंद गल्लीत गोविंदाची ट्रॅक्टर-ट्रॉली खडखडत यायची. गव्हाचं एक पोतं, तुरीचं एक. तो कधी आत बसला नाही. पोतं उतरवायचा, पाणी प्यायचा, "चाल, गाडी चालूच हाय" म्हणून परत निघायचा.

तो ट्रॅक्टर गोविंदानं त्र्याण्णव साली एका संत्रा-बागाइतदाराकडून जुनाच विकत घेतला होता. लाल रंग तेव्हाच उडालेला. त्या ट्रॅक्टरवर त्यानं स्वतःचं वावर केलं, गावाचीही वावरं केली, एका मुलीचं लग्न केलं. दोन वर्षांपूर्वी गोविंदा झोपेतच गेला. तेव्हापासून ट्रॅक्टर अंगणातल्या टिनाच्या छपराखाली ताडपत्री पांघरून उभा होता. मुलगी सरिता भंडाऱ्याला दिलेली, ती दर फोनवर आईला म्हणायची, "विकून टाक भंगारात." तुळसाबाई "हव, हव" म्हणायची आणि ताडपत्रीचे कोपरे पुन्हा दगडांनी दाबून ठेवायची.

पंचफुला आली ते नोव्हेंबरचे दिवस. सोयाबीन निघून गेलं होतं, वावर रिकामं झालं होतं. आता हरभरा पेरायचा. हरभऱ्याला जमिनीतली ओल लागते. ती एकदा उडाली, की बी मातीत पडून राहतं, उगवत नाही. गावात भाड्यानं ट्रॅक्टर चालवणारे दोघे. दोघांनीही तुळसाबाईला सांगितलं, "उद्या येतो." उद्या उगवायचा, मावळायचा, ट्रॅक्टर काही यायचा नाही. बाईमाणसाच्या साडेतीन एकराला कोण घाई करतो? पाचव्या दिवशी पंचफुलानं वावरात जाऊन मूठभर माती उचलली. वरची माती भुरभुर सुटायला लागली होती. बोटभर खाली अजून दमट होती.

घरी येऊन ती ओसरीवर बसली. समोर ताडपत्री.

"वयनी, दारात आपला ट्रॅक्टर हाय अन् आपन दुसऱ्याची वाट काहून पाहून राहिलो वं?"

तुळसाबाईला आधी हसूच आलं. मग ती हसायची थांबली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "चालू कराले मले थोडं थोडं येते."

"तुले?"

"खालचं येते. सरिताचे बाबा वर बसत, मी खाली. पानी टाकाचं, तेल पाहाचं, हवा काढाची, समदं माह्याकडं होतं."

दोघींनी ताडपत्री ओढली. सीटवर कोंबडीनं जागा केलेली. बोनेटखाली उंदरांनी चिंध्या आणि भुशाचं घरटं बांधलेलं. दुपारभर त्या झाडत-पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी पंचफुला जुनी बॅटरी ऑटोत घालून कन्हानला गेली आणि दुकानदारानं ती हातात घेऊन मान हलवल्यावर दुसरी घेऊन आली. ती बसवणं तुळसाबाईला पाठ होतं. तिनं तेलाची पट्टी ओढून पदराच्या कोपऱ्याला पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. रेडिएटरमध्ये दोन कळशा पाणी ओतलं. डिझेलचा कॉक उघडला. फिल्टरवरचा लहानसा स्क्रू पान्यानं सैल केला आणि शेजारचा हातपंप अंगठ्यानं दाबायला लागली. स्क्रूच्या कडेनं फेस आला, डाळीच्या पहिल्या उकळीला येतो तसा.

"हे हवा हाय," तुळसाबाई म्हणाली. "फेस बंद होऊन निरं डिझेल येईस्तोवर दाबत राहाचं. हवा राहिली तर सेल्फ मारू मारू बॅटरी मरते, पन गाडी उठत नाही."

पंचफुला थक्क होऊन पाहत राहिली. तिच्या मनात वहिनी म्हणजे भाकरी, गोवऱ्या आणि निंदण. ही बाई तर एखाद्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरसारखी एकेक वस्तू न पाहता उचलत होती.

"आता वर कोन बसते?" तुळसाबाईनं विचारलं. "माहे गुडघे नाही चढत."

पंचफुला चढली. समोर चाकाएवढं स्टिअरिंग, खाली तीन पेडल, पायांच्या मध्ये दोन दांडे.

"पाय कुठं ठेवाचे?"

तुळसाबाई गोंधळली. "ते मले नाही माहीत. त्याइचे पाय मी कधी पाहिलेच नाही. चावी फिरवत अन् ते बटन दाबत, एवढं पाहिलं."

पाना जागेवर ठेवायला म्हणून तुळसाबाई ट्रॅक्टरच्या पुढून बाजूला झाली. पंचफुलानं चावी फिरवली, बटण दाबलं.

गोविंदा शहाणा ड्रायव्हर होता. अंगणाला उतार असल्यामुळं तो ट्रॅक्टर नेहमी गिअरमध्ये टाकूनच उभा करायचा. दोन वर्षांपूर्वी टाकलेला तो गिअर तसाच होता. इंजिन धडधडून उठलं आणि ट्रॅक्टर पुढं उडाला. पंचफुलानं स्टिअरिंगला मिठी मारली. छपराच्या समोर न्हाणीची मातीची भिंत होती; ट्रॅक्टर तिच्यात नाक खुपसून, ती अर्धी पाडून, दोन गचके देऊन बंद पडला.

धूळ खाली बसली, तेव्हा पंचफुलाला पहिल्यांदा दिसलं ते रिकामं अंगण. मग पाना हातात धरून घराच्या भिंतीला चिकटून उभी असलेली वहिनी. ट्रॅक्टर ज्या वाटेनं उडाला, त्याच वाटेत ती क्षणापूर्वी उभी होती.

पंचफुलाला खाली उतरता येईना. दवाखान्यात तिनं किती रक्त पाहिलं, किती माणसं तिच्या हातांवर गेली. पण तिच्या हातून कुणाला इजा झाली नव्हती. तुळसाबाईनं तिचा हात धरून तिला उतरवलं. पंचफुला रडायला लागली.

"उगी वं," तुळसाबाई म्हणाली. "भिंत मातीची होती. माती काई संपली नाही गावातली."

"तुले काही झालं असतं तर?"

"नाही झालं ना. आता आपल्याले खालचं येते, वरचं येत नाही, एवढंच कळलं. वरचं येणारा मानूस आणू."

असा माणूस गावात होता. अंकुश रामटेके. कन्हान भागातल्या कोळशाच्या खाणीत त्यानं अठ्ठावीस वर्षं डंपर चालवला होता. गोविंदाचा दोस्त. संध्याकाळी तो आला, "जयभीम वयनी" म्हणाला, पडलेली भिंत पाहिली, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, गल्लीतली सात-आठ पोरं बोलावून तो ढकलत पुन्हा छपराखाली लावला आणि पंचफुलाला विचारलं, "ताई, शिकाचं हाय का फक्त वावर करून घ्याचं हाय? वावर करून घ्याचं असन तर मीच उद्या दोन घंट्यात करून देतो."

करून द्या म्हणणं सोपं होतं. तुळसाबाई तिच्याकडं पाहत होती.

"शिकाचं हाय," पंचफुला म्हणाली.

"मंग मी गाडीले हात लावनार नाही. तुमीच लावाचा. उद्या सकाळी सहाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता थंडी अशी होती, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. अंकुश मफलर गुंडाळून आला आणि पहिला दिवस त्यानं ट्रॅक्टर चालूच करू दिला नाही. आधी गाडीभोवती फेरी. टायर, तेल, पाणी, खाली काही ठिबकलंय का, पुढं-मागं माणूस, लेकरू, कोंबडी आहे का. "खाणीत शिफ्टच्या आधी आमी ही फेरी मारत होतो. ज्यानं नाही मारली, त्याचं कधी ना कधी काही झालं." मग सीटवर बसून पाय. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. मग गिअरचा दांडा डावी-उजवीकडं हलवून पाहायचा. सैल हलला तर न्यूट्रल. हे तिनं किती वेळा केलं? पन्नास वेळा तरी. अंकुश छपराच्या खांबाला टेकून म्हणायचा, "उतरा. आता पहिल्यापासून." ती उतरायची, फेरी मारायची, चढायची, दांडा हलवायची. आठ वाजेपर्यंत तिचे गुडघे बोलायला लागले आणि हात आपोआप दांड्याकडं जायला लागला.

दुसऱ्या दिवशी चालू करायचं शिक्षण. क्लच पूर्ण दाबायचा. रेसचा हातदांडा अर्ध्यावर. मग चावी हीटरवर धरून ठेवायची. "थंडीत इंजिनाच्या आत गरमी नसते, डिझेल पेट घेत नाही," अंकुशनं सांगितलं. "हीटर आतली हवा गरम करते. पंचवीस आकडे मोजा. घाई करू नका."

आकडे मोजणं पंचफुलाला कुणी शिकवायला नको होतं. सलाईनचे थेंब मोजण्यात तिची हयात गेली होती. पंचवीस झाले, तिनं सेल्फचं बटण दाबलं. इंजिन घुर्र घुर्र फिरलं, खोकलं, थांबलं.

"पुन्हा दाबू?"

"नाही. जराक बसा. बॅटरीले दम घेऊ द्या. मंग पुन्हा हीटर, पुन्हा पंचवीस."

दुसऱ्यांदा पांढऱ्या धुराचा एक मोठा लोट सायलेन्सरमधून निघाला, टिनाचं छप्पर थरथरलं, कोंबड्या पळाल्या, आणि ट्रॅक्टर चालू झाला. जागेवर. तसूभरही न हलता. पंचफुलानं क्लचवरून पाय इतका हळू उचलला, की उचलतेय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. गाडी हलली नाही. तिनं वहिनीकडं पाहिलं. तुळसाबाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी दारापाशी उभी राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

आनंदाच्या भरात पंचफुलानं रेसचा दांडा ओढला. इंजिन गुरगुरलं.

"नाही नाही नाही!" अंकुश ओरडला. "खाली घ्या! आता काही करू नका. नुसतं बसा."

"चालू तर झाला ना, भाऊ?"

"चालू झाला, जागा नाही झाला. रातभर समदं तेल खाली जाऊन बसलं असते. ते वरपर्यंत चढाले टाइम लागते. आताच रेस दिली, तर लोखंडावर लोखंड घासते. लोक हेच करतात अन् मंग म्हनतात, जुनी गाडी, दम नाही राहिला."

पंचफुला एकदम म्हणाली, "पेशंटसारखं हाय हे."

"कसं?"

"ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटले उभं कराचं राहते. नवीन पोरी काय करतात, हात धरतात अन् उठवतात. तो चक्कर येऊन पडते. मी आधी कूस बदलवत होती. मंग बसवाचं. पाय खाली सोडाचे. मंग पाच मिनिटं त्याच्या बाजूले बसून काहीबाही बोलाचं, लेकरं किती, गाव कोनतं. मंग उभं कराचं."

अंकुश तिच्याकडं पाहतच राहिला. "ताई, तुमाले तर येतेच मंग. मले कायले सकाळी सकाळी उठवलं?"

ट्रॅक्टरवरच्या मीटरचा काटा कधीच मेला होता, त्यामुळं गाडी गरम झाली हे मीटर पाहून कळणार नव्हतं. अंकुशनं तीन खुणा सांगितल्या. धूर पांढरा असतो, तो विरळ होतो. आवाज आधी खडखड येतो, मग एकसारखा होतो. आणि रेडिएटरच्या वरच्या अंगाला हात लावला, की कोमट लागतं. पंचफुला उतरली आणि तिनं हात पालथा करून लावला, ताप पाहताना लावतात तसा. थंड. थोड्या वेळानं पुन्हा लावला. अजून थंड. तिसऱ्यांदा ती हसली आणि म्हणाली, "आला."

तिसऱ्या दिवशी सगळं पहिल्या झटक्यात जमलं. फेरी, तेल, पाणी, न्यूट्रल, हीटर, पंचवीस, सेल्फ. अंकुश खांबापाशी बिडी ओढत उभा होता; एक शब्द त्याला बोलावा लागला नाही. तुळसाबाईनं चहा केला होता. ती स्टीलचे कप घेऊन आली तोवर धूर विरळ झाला होता, आवाज लागला होता. अंकुशनं घड्याळ पाहिलं. "आठ मिनिटं झाले. बस. आता घाला गिअर, अंगनात एक चक्कर मारून पाहू."

"इतक्यात?" तुळसाबाई म्हणाली. "अजून गरम कुठं झाली असन ते?"

"झाली वयनी. या थंडीत आठ-दहा मिनिटं लय झाले."

"असं कसं म्हन्ता? सरिताचे बाबा तर अर्धा अर्धा घंटा चालू ठेवत. मी चूल पेटवत होती, चहा ठेवत होती, तो उकळला का कप घेऊन इथं येत होती. मंग ते वर बसून चहा पेत अन् मी इथं उभी राहत होती, या चाकाच्या पत्र्याले टेकून. मले भाकरी टाकाची राहे, मी जाऊ म्हनो, ते म्हनत, थांब वं जराशी, गाडी गरम होऊन राहिली."

अंकुशनं बिडी पायाखाली विझवली. मग हळूच विचारलं, "उन्हाळ्यात बी?"

"उन्हाळ्यात बी. बाराही महिने."

"वयनी, उन्हाळ्यात तर या गाडीले दोन मिनिटं बी पुष्कळ हायेत."

ट्रॅक्टर एकसारखा धडधडत होता. तुळसाबाईच्या हातातला कप तसाच राहिला. तिला काय कळलं, हे पंचफुलाला कळलं आणि ती वरून खाली उतरायला लागली. पण अंकुशनं हातानंच तिला थांबवलं.

"अन् मी एकोणतीस वर्षं भांडत राहिली," तुळसाबाई म्हणाली. "का बापा, डिझेल फुकटचं हाय का, कायले जाळता उगाच. एकदा तर दोन दिवस बोलली नाही त्याच्यावरून." चाकाच्या वरच्या पत्र्यावर, जिथं ती टेकून उभी राहायची, तिथं तिनं हात फिरवला. तिथला लाल रंग पार गेला होता आणि पत्रा पितळेसारखा गुळगुळीत झाला होता. "सांगाचं ना मंग तोंडानं. थांब म्हनाचं. मी का थांबली नसती?"

गोविंदा अबोल होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. कोर्टकचेरी करून बहिणीला हिस्सा देणारे भाऊ असतात. त्यानं चहा पितापिता दिला. बायकोवर जीव आहे हे तो कोणत्या तोंडानं सांगणार होता? त्यानं डिझेल जाळलं.

तुळसाबाई रडली नाही. तिनं कप अंकुशच्या हातात दिला, दुसरा पंचफुलाला वर दिला आणि म्हणाली, "प्या आधी. आज अर्धा घंटा चालू राहू द्या. डिझेल माहं हाय."

त्या दिवशी त्या तिघांनी ट्रॅक्टर चालू ठेवून, उन्हं अंगणात येईपर्यंत, गोविंदाच्या गोष्टी सांगितल्या. तो एकदा ट्रॉलीत वरात घेऊन गेला आणि नवरदेवालाच विसरून परत आला होता, ती अंकुशनं सांगितली. पंचफुलाला ती माहीत नव्हती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

चौथा दिवस अंगणात चकरा मारण्यात गेला आणि पाचव्या दिवशी ट्रॅक्टर वावरात गेला. मागं कल्टिव्हेटर जोडला होता. अंकुश धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहून हातवारे करत होता. त्याचं ओरडणं काही ऐकू येत नव्हतं. पहिली ओळ सापासारखी गेली. दुसरी पहिलीला समजावायला गेली आणि तीही वाकडी झाली. शेजारच्या वावरात तुरीत काम करणारी रंभाबाई कमरेवर हात ठेवून पाहत होती. ती ओरडली, "पंचफुले, चने वाकडे उगवतीन वं!" पंचफुला ओरडली, "खायाले सरळच लागते!" दुपारपर्यंत ओळी बऱ्यापैकी सरळ झाल्या. कल्टिव्हेटरच्या दात्यांखालून काळी, दमट माती वर येत होती आणि बगळे मागं मागं चालत होते.

वावराच्या दुसऱ्या टोकाला, जिथून गाव दिसत नाही, तिथं वळण घेऊन ती थांबली. न्यूट्रल केलं. हलवून पाहिलं. सीट एका बाजूला दबलेली होती, गोविंदाच्या बसण्यानं. ती सारखी डावीकडं घसरत होती आणि सारखी स्वतःला सावरून बसत होती. तीस वर्षांत तिनं भावाला एकदाही म्हटलं नव्हतं, की तू केलंस ते फार मोठं केलंस. पोतं उतरवून तो निघायचा, ती "सांभाळून जा" म्हणायची. दवाखान्यात साहेबलोक लहानसहान गोष्टीला थँक्यू म्हणायचे. भावाला काय म्हणणार? आता इंजिनाच्या आवाजात कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं. ती मोठ्यानं म्हणाली, "दादा, नाव राहू देल्लं, बरं केलं रे." मग आणखी मोठ्यानं म्हणाली. मग गिअर घातला.

हरभरा दोन दिवसांत पेरून झाला. उगवलाही चांगला. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्यांपैकी एकजण पेरणीनंतर आठव्या दिवशी आला, उभ्या उभ्या वावर पाहून म्हणाला, "कोणाकडून केलं?" तुळसाबाईनं नुसतं बोटानं पंचफुलाकडं दाखवलं.

अंकुशला काय द्यायचं, यावर दोघींचं बोलणं झालं. त्याला विचारलं तर तो चिडला. "मी रिटायर होऊन चार वर्षं झाले. चार वर्षांत घरच्याइनं मले एकच गोष्ट विचारली, टीवीचा रिमोट कुठं हाय. तुमी मले गाडीचं विचारलं. माह्यावरच उपकार झाले, वयनी." तरी डिसेंबरात हरभऱ्याचे शेंडे खुडायची वेळ आली, तेव्हा पहिली टोपलीभर कोवळी भाजी पंचफुलानं त्याच्या घरी नेऊन दिली. दुसरी टोपली बसनं रामदासपेठेत गेली, दवाखान्यात. वॉर्डातल्या पोरींना तिनं मोबाइलवरचा ट्रॅक्टरचा फोटो दाखवला, तर त्यांचा विश्वास बसेना. "मावशी, तुम्ही याच्यावर फक्त बसल्या होत्या ना?" सिस्टर सुहासिनी, जिच्याबरोबर तिनं वीस वर्षं पाळ्या केल्या होत्या, भाजी पिशवीत भरता भरता म्हणाली, "नुसती बसली नसेल. मी ओळखते तिला."

न्हाणीची भिंत दोघींनी मिळून पुन्हा घातली. आधीपेक्षा थोडी वाकडी आहे, पण उभी आहे.

आणि जानेवारीतल्या एका सकाळी पंचफुला फेरी मारून, तेल-पाणी पाहून वर चढायला लागली, तेव्हा मागून तुळसाबाई म्हणाली, "सरक वं. आज मी."

"तुहे गुडघे?"

"गुडघे माहे हायेत, मी पाहीन त्याइचं."

एक पाय पायरीवर, एक हात मडगार्डवर, खालून पंचफुलाचा खांदा. अशी चौसष्ट वर्षांची तुळसाबाई जन्मात पहिल्यांदा त्या सीटवर बसली. बसल्यावर तिनं आधी सगळीकडं पाहिलं. इथून छपराचा आतला भाग दिसत होता, न्हाणी दिसत होती, स्वयंपाकघराचं दार आणि आतली चूल दिसत होती. "इथून तर समदं दिसते," ती म्हणाली, आणि बराच वेळ त्या दाराकडं पाहत राहिली.

मग तिनं दांडा हलवून पाहिला. चावी धरली. ओठ हलवत पंचवीस मोजले. सेल्फ दाबला आणि इंजिन पहिल्या झटक्यात उठलं. तुळसाबाई घाबरली नाही. ती मान एका बाजूला कलती करून आवाज ऐकत राहिली आणि पंचफुला रेडिएटरला पालथा हात लावायला पुढं गेली, तर वरून हुकूम आला, "ए, समोरून हट वं! गाडी चालू हाय ना!"

पंचफुला चटकन बाजूला झाली. मागच्या आवारातून रंभाबाई धुणं टाकून पाहायला आली होती. तुळसाबाईनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते, पदर खोचलेला होता आणि ती ताठ बसली होती. तिला कुठंही जायचं नव्हतं.